काळ्या चाकावरची रेघ

आमच्या चिरंजीवांनी ट्रक घेतला, ही बातमी मी पुण्यात ज्या दिवशी सांगितली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीत दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, मुलाची नोकरी गेली असावी. दुसऱ्याचं म्हणणं, नोकरी आहे पण तेवढ्यात भागत नसावं. नानासाहेबांनी तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हल्ली वाहतुकीच्या धंद्यातही पैसा आहे म्हणा," असं ते म्हणाले, पण तो हात सांत्वनाचा होता. मग मी त्यांना समजावून सांगितलं की, अमेरिकेत ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेली घरगुती मोटार. तिच्यातून लोक भाजी आणतात, मुलांना शाळेत सोडतात आणि वर्षातून एकदा एखादी लाकडी फळी आणतात. त्या एका फळीच्या जिवावर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ट्रक बाळगण्याचं समर्थन करता येतं. नानासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी पण घाटात नीट चालव म्हणावं."

चिरंजीव राहतात डेट्रॉइटजवळ. तिथे घाट सोडाच, पण आमच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या गतिरोधकाएवढा चढसुद्धा मैलोगणती सापडत नाही.

तो ट्रक मी प्रत्यक्ष पाहिला तो मार्च महिन्यात, तिथल्या विमानतळावर. पांढराशुभ्र देह आणि त्याला चार काळी चाकं. चाकं म्हणजे टायर नव्हेत. टायर काळे असतात हे मलाही ठाऊक आहे. टायरच्या आतली, धातूची चाकं. आमच्या माहितीतली चाकं एक तर चंदेरी असतात, नाही तर निदान चंदेरी टोपी तरी घालून असतात. ही काळी, आणि तीही चकचकीत काळी नव्हेत. शाळेच्या पाटीवर ओलं फडकं फिरवावं आणि ती वाळत आली की जशी दिसते, तशी. "हे सॅटिन ब्लॅक फिनिश आहे, बाबा. याचे वेगळे पैसे पडतात," चिरंजीव म्हणाले आणि आवाज किंचित खाली आणून त्यांनी आकडा सांगितला. (डॉलरचे रुपये करण्याची सवय मी सोडून दिली आहे. प्रकृतीला झेपत नाही.) आमच्या सौ.ला सॅटिन म्हणजे परकराचं कापड एवढंच ठाऊक. ती वाकून चाकाकडे बघत म्हणाली, "अरे, पण किती मळलंय हे!"

आणि खरोखरच मळलं होतं. काळ्या चाकांवर पांढऱ्या मिठाचा थर बसला होता, तो वाळून त्याचे नकाशे झाले होते. मधूनमधून तांबूस-तपकिरी ठिपके. नटांच्या भोवती गंजाचे ओघळ. मी चकित झालो. कारण काळ्या रंगावर डाग पडत नाही, हे माझं साठ वर्षांचं ठाम मत होतं. आमच्या लहानपणी घरातल्या ज्या ज्या वस्तूला मार खायचा असे ती ती वस्तू काळी असे. वडिलांची छत्री काळी, कोट काळा, आईचं शिवणाचं मशीन काळं आणि वडिलांची हर्क्युलस सायकलही काळीच. त्या सायकलच्या मडगार्डवर एक बारीक सोनेरी रेघ होती. मी नऊ वर्षांचा असताना, वडिलांना बरं वाटावं म्हणून, एका दिवाळीत ती सायकल राखुंडीनं घासून लख्ख केली. रेघही गेली. वडील बराच वेळ मडगार्डकडे बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "राहू दे." मारलं असतं तर मी ही गोष्ट केव्हाच विसरलो असतो.

असा माझा पूर्वेतिहास. शहाण्या माणसानं त्यावरून धडा घेतला असता.

पण मुलाच्या घरी जाऊन राहिलेल्या बापाची अवस्था वाचकांपैकी निदान निम्म्यांना माहीत असेल. तिथे मला काम नव्हतं. भांडी घासायला यंत्र, कपडे वाळवायला यंत्र, केर काढायला एक कासवासारखं यंत्र. ते तर माझ्या पायाशी येऊन थबकायचं आणि मी पाय उचलला की पुढे जायचं. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत हिशेब तपासलेल्या माणसाला दिवसभरात पाय उचलण्याखेरीज काही कर्तव्य उरलं नव्हतं. नातवाचा गृहपाठ घ्यावा म्हटलं तर त्याचे उच्चार मला कळत नव्हते आणि माझे त्याला. अशा स्थितीत ती चार मळकी चाकं म्हणजे मला बोलावणंच वाटलं.

एका मंगळवारी चिरंजीव सूनबाईंच्या गाडीतून दोघं मिळून कामावर गेले. ट्रक दारात. मी स्वयंपाकघरातून चिंच काढली, कोळ केला, त्यात मूठभर मीठ घातलं आणि सिंकजवळची हिरवी घासणी घेऊन चाकाशी बसलो. आमच्या घरातल्या समया, तांब्या, घंगाळं पिढ्यान् पिढ्या याच विद्येनं लखलखत आली आहेत. पाऊण तासात एक चाक झालं. ओलं होतं तोवर असं सुंदर दिसत होतं की मी सौ.ला बाहेर बोलावलं. ती आली, तोवर ते वाळलं होतं. वाळल्यावर त्या चाकाच्या मधोमध, जिथे मी सर्वांत जास्त मन लावलं होतं तिथे, तळहाताएवढा भाग चकाकत होता. बाकी सगळं सॅटिन आणि मध्ये गुळगुळीत टक्कल. टकलावर गोल गोल ओरखडे. सौ. काही बोलली नाही. तिनं फक्त घासणी माझ्या हातातून काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात.

संध्याकाळी चिरंजीव आले. चाकाशी उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "राहू दे, बाबा. तुम्ही कशाला उगाच त्रास घेतलात?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

गुन्हा आधी आणि कायद्याचा अभ्यास मागून, ही आपली जुनी पद्धत. दुसऱ्या दिवसापासून मी गावच्या वाचनालयात जाऊन बसू लागलो. प्रश्न एकच, मोटारीला काळा रंग लावायचं मुळात कुणाच्या डोक्यात आलं? आणि शोधता शोधता जिथे पोचलो ते ठिकाण डेट्रॉइटमध्ये नव्हतं. ते आमच्या आजीच्या फडताळात होतं.

आजीच्या फडताळात बिब्बे असत. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात आणि कापडाला लागलं तर काळा डाग पडतो, तो कापड फाटलं तरी जात नाही. म्हणून तर परीट बिब्ब्यानं कपड्यांवर खुणा करीत, आणि इंग्रजांनी त्या फळाचं नावच खुणेचं फळ असं ठेवलं. आता या बिब्ब्याचं एक भावंड चीन-जपानकडे वाढतं. आंबा, काजू, बिब्बा आणि हे झाड, सगळी एकाच कुळातली. त्या झाडाच्या चिकालाही हात लागला तर फोड येतात. पण तोच चीक लाकडावर थरावर थर देऊन वाळवला की असा कठीण, खोल काळा लेप तयार होतो की त्यावर पाणी ठरत नाही, आम्ल चालत नाही. जपानी लोक त्याला उरुशी म्हणतात. सतराव्या शतकात या काळ्या पेट्या, तबकं युरोपात पोचली आणि तिकडचे श्रीमंत वेडे झाले. झाड मात्र तिथे नव्हतं. मग युरोपियन कारागिरांनी डांबराचा एक खनिज प्रकार, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन एकत्र करून, पत्र्यावर लावून, भट्टीत भाजून त्याची नक्कल केली, आणि प्रामाणिकपणे तिला नाव दिलं जपान. चिनी मातीची भांडी म्हणजे चायना, तशी काळी भाजलेली वस्तू म्हणजे जपान. वेल्समधल्या पाँटिपूल गावात आणि पुढे बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टनकडे या धंद्याला बरकत आली. ज्याच्या नावाचा छापाचा टाइप आज जगभर पुस्तकांत वापरतात तो जॉन बास्करव्हिल बर्मिंगहॅमचा, आणि अक्षरांची हौस पुरवायला लागणारा पैसा त्यानं याच काळ्या तबकांच्या धंद्यात मिळवला होता. म्हणजे इंग्रजी पुस्तकांची सुंदर पांढरी पानं काळ्या पत्र्याच्या जिवावर उभी राहिली. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

पुढे यंत्रांचं युग आलं आणि हा काळा रंग मेजावरून कारखान्यात उतरला. लोखंडाला गंजापासून वाचवायला स्वस्त, टिकाऊ, तेलकट हात पुसले तरी न कळणारा असा दुसरा लेप नव्हता. सिंगरची शिवणयंत्रं काळी झाली ती यामुळे, टाइपरायटर काळे झाले ते यामुळे आणि सायकलीही. काळ्यावर सोनेरी वेलबुट्टी काढायची पद्धतही जपानी पेट्यांवरूनच आलेली. म्हणजे वडिलांच्या मडगार्डवरची मी पुसून टाकलेली ती सोनेरी रेघ थेट जपानहून, व्हाया बर्मिंगहॅम, पुण्याला आली होती. नऊ वर्षांच्या वयात मी किती शतकांचा ऐवज राखुंडीला लावला, हे मला आता कळलं.

आणि मग आले हेन्री फोर्डसाहेब. मॉडेल टी ही त्यांची मोटार १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या झाल्या. गिऱ्हाइकाला हवा तो रंग मिळेल, फक्त तो काळा असला पाहिजे, असं आपण १९०९ साली आपल्या माणसांना बजावलं, असा दावा फोर्डनं १९२२ च्या आत्मचरित्रात केला आहे. हे वाक्य जगभर गाजलं. मला त्यात आमच्या कचेरीतल्या साहेबांचा आवाज ऐकू आला.

रविवारी जेवताना मी ही सगळी माहिती चिरंजीवांना सांगितली. मंगळवारपासून आम्ही एकमेकांशी फार बोललो नव्हतो. हवापाण्याचं बोलत होतो. ते म्हणाले, "बाबा, ती गाडी पहिल्यांदा बनली ती इमारत इथून अर्ध्या तासावर आहे. येताय?"

पिकेट अ‍ॅव्हेन्यूवरची ती विटांची तीन मजली इमारत १९०४ सालची आहे. आता तिथे संग्रहालय आहे. जुन्या लाकडी जमिनीवर तेलाचे डाग तसेच ठेवले आहेत. (डागांचीही प्रतिष्ठा वाढते, फक्त शंभर वर्षं कळ काढावी लागते.) मी काळ्या गाड्यांची रांग बघायच्या तयारीनं जिना चढलो आणि वर बघतो तो समोर लाल गाडी! पलीकडे हिरवी. मी तिथल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाला विचारलं, या नंतर रंगवल्या का? तो हसला. हा प्रश्न त्याला रोज येत असावा. सुरुवातीच्या मॉडेल टी करड्या, हिरव्या, लाल असत, मग निळ्या आल्या. काळी गाडी त्या पहिल्या वर्षांत मिळतच नव्हती. फक्त काळा रंग हा नियम १९१४ ला सुरू झाला आणि १९२५ पर्यंत चालला. म्हणजे १९०९ साली जे बजावल्याचं फोर्ड सांगतो, त्या वेळी मागूनही काळी गाडी मिळाली नसती! आत्मचरित्र लिहिताना माणसाची स्मरणशक्ती किती आज्ञाधारक होते, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

मग काळाच का? शाळेत सांगतात ते कारण असं की काळा रंग सर्वांत लवकर वाळतो. ते तितकंसं खरं नाही. त्या काळात त्या गाडीसाठी वेगवेगळ्या तीसहून अधिक जातींचे काळे रंग वापरले गेले. काही भट्टीत भाजायचे, काही हवेत वाळायचे. मडगार्डसारखे पत्र्याचे भाग भट्टीत जात, पण बॉडीचा सांगाडा लाकडी असल्यामुळे तिला तेवढी आच सोसत नसे. काळ्याची खरी किंमत ही की तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि सगळ्या भागांना एकच रंग असला म्हणजे निवडानिवडीचा घोळ नको. १९१३ साली फोर्डनं हायलंड पार्कच्या कारखान्यात गाडी सरकती ठेवून माणसं जागच्या जागी उभी केली, आणि साडेबारा तासांचं जुळणीचं काम काही महिन्यांत दीड तासावर आणलं. दीड तासात गाडी तयार होत असेल तर लाल की हिरवी हे विचारायला वेळ कुणाला?

मला मात्र चाकांत रस होता. तेव्हाची चाकं लाकडी आऱ्यांची, आपल्या टांग्याच्या चाकांची धाकटी बहीण शोभतील अशी. ती रंगवायची तऱ्हा मला फार आवडली. चाक रंगाच्या हौदात बुडवायचं, वर काढायचं आणि गरगर फिरवायचं. जास्तीचा रंग आपोआप उडून जाई आणि लेप सारखा बसे. ना ब्रश, ना घासणी. मी हे चिरंजीवांना मुद्दाम मोठ्यांदा सांगितलं. ते हसले. मंगळवारनंतर पहिल्यांदा.

काळ्याचं राज्य बुडवलं ते जनरल मोटर्सनं. तोवर रंगीत गाडी म्हणजे आठवडेच्या आठवडे हातावर हात देत बसायचं काम होतं. तेलाचा रंग, थरावर थर, प्रत्येक थर वाळायची वाट. तिथले संशोधक चार्ल्स केटरिंग यांच्या डोक्यात बसलं होतं की हे काम तासांत व्हायला हवं. रंगवाले म्हणाले, अशक्य. त्यावर एक आख्यायिका सांगतात. केटरिंगनी एका रंगवाल्याला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर पाहुणा बाहेर येऊन आपली गाडी शोधू लागला, ती सापडेना. केटरिंग म्हणाले, ही काय समोर! पाहुणा म्हणाला, माझी या रंगाची नव्हती. "आता आहे," केटरिंग म्हणाले. खरं-खोटं केटरिंग जाणोत, पण बंदुकीच्या दारूसाठी प्रसिद्ध असलेल्या ड्युपाँट कंपनीनं नायट्रोसेल्युलोजपासून लवकर वाळणारं लॅकर तयार केलं आणि १९२३ साली जनरल मोटर्सच्या ऑकलंड नावाच्या निळ्या गाड्या ते अंगावर लेवून बाजारात आल्या. त्या लॅकरचं नाव ड्युको. आपल्याकडे सुतार अजून विचारतो ना, "साहेब, कपाटाला पॉलिश मारू का ड्युको?" तोच हा ड्युको. दोन-तीन वर्षांत फोर्डलाही गाड्या पुन्हा रंगवाव्या लागल्या.

पण गाडी रंगीत झाली तरी चाकाच्या नशिबी काळा रंग बराच काळ राहिला. लाकडी चाकं जाऊन पोलादी पत्र्याची आली, ती साधी असली की काळी. मात्र ती काळी दिसणं हे गरिबीचं लक्षण! म्हणून त्यांच्यावर चकचकीत टोप्या आल्या. १९५० च्या दशकात तर अमेरिकन गाडी म्हणजे चार चाकांवर चालणारं चांदीचं ताटच झालं होतं. अ‍ॅल्युमिनियमचं चाक त्याआधीच, १९२४ साली, बुगाटीच्या शर्यतीच्या गाडीला लागलं होतं. हळूहळू ते तुमच्या-आमच्या मोटारीपर्यंत उतरलं. आणि आता त्या छान चंदेरी धातूवर जादा पैसे घेऊन काळा रंग लावतात. आजोबांनी जे लपवायला टोपी विकत घेतली, ते मिरवायला नातू पैसे मोजतो. टायरची गोष्ट तर याहून मजेची. रबराचे टायर मुळात फिकट, पांढुरके असत. १९०४ साली लंडनजवळ सिल्व्हरटाऊनच्या कारखान्यात रबरात काजळी घालून पाहिली, आणि कालांतराने कळलं की काजळीनं टायर कित्येक पटींनी टिकतो. म्हणून मिशेलिन कंपनीचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस अजून पांढरा आहे. त्याचा जन्म १८९८ चा. त्याच्या वेळी काळं व्हायची पद्धत नव्हती.

येताना गाडीत मी विचारलं, "मग हे तुझं सॅटिन म्हणजे नेमकं काय?" चिरंजीव इंजिनियर आहेत, पण घरी त्यांना कुणी काही विचारत नाही. ते खुलले. चकचकीत रंगाचा पृष्ठभाग शांत तळ्यासारखा सपाट असतो, म्हणून त्यात तोंड दिसतं. सॅटिनमध्ये सिलिकासारखी बारीक पूड मिसळून त्या तळ्यावर मुद्दाम लहरी उठवलेल्या असतात. प्रकाश त्यावर विखुरतो, म्हणून ती मऊ झाक. "आणि तुम्ही, बाबा," ते म्हणाले, "घासणीनं त्या लहरी सपाट केल्यात." चिंचेकडे फारसा दोष जात नव्हता. पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग सौम्य आंबटानं निघतातही. दोष होता खसाखसा घासण्याचा आणि जाड मिठाचा. चकचकीत रंगाला ओरखडा गेला तर पॉलिश करून दुरुस्त करता येतो. सॅटिनला पॉलिश लावलं की तो आणखी चकाकतो. म्हणजे दुरुस्ती करावी तेवढा गुन्हा वाढतो.

आणि डाग कसले होते, तेही कळलं. पांढरे डाग मिठाचे. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून तिथे मीठ टाकतात, आणि डेट्रॉइट शहराच्या पोटातच, सुमारे बाराशे फूट खाली, मिठाची प्रचंड खाण आहे. वर मोटारी तयार करायच्या, खालून मीठ काढून त्यांच्यावर टाकायचं, त्या गंजल्या की नव्या घ्यायच्या; एवढी सोय मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिली नाही. तांबूस ठिपके मात्र आतले. ब्रेक दाबला की बिडाच्या तबकडीवर पॅड घासतो, लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात, चाकावर चिकटतात आणि गंजतात. पूर्वीचे ब्रेक डब्यात बंद असत, भुकटी आत राही. डिस्क ब्रेक उघडे, त्यामुळे ती थेट चाकावर. चंदेरी चाकावर ही भुकटी काळी दिसते म्हणून लोकांनी काळी चाकं घेतली. काळ्यावर ती गंजून तांबडी दिसते. माणूस रंग बदलतो, डागही बदलतो.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून चाकं धुतली. या वेळी मी शागीर्द होतो. चाक गार असलं पाहिजे, सावलीत असलं पाहिजे. आधी नुसतं भरपूर पाणी, म्हणजे खडे-मीठ वाहून जातं. मग साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, तेही न दाबता. डांबराचे ठिपके त्याच्या द्रवानं भिजवून टिपायचे, खरवडायचे नाहीत. लोखंडाच्या कणांसाठी एक फवारा होता. तो मारल्यावर मिनिटभर काही झालं नाही आणि मग प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ सुटला. कोकमाचं आगळ सांडावं तसा! त्याबरोबर असा वास सुटला की सौ.नं आतून खिडकी लावून घेतली. त्यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, ते लोखंडाला धरून जांभळं होतं. याच जातीचं रसायन बायकांचे केस कुरळे करण्याच्या औषधात असतं आणि नको असलेले केस काढण्याच्या मलमातही. एकाच द्रव्यानं केस कुरळेही होतात, जातातही आणि ट्रकचं चाकही स्वच्छ होतं, हे ऐकून माझा विज्ञानावरचा विश्वास वाढला की कमी झाला, हे सांगता येत नाही. तो फवारा चाकावर वाळू द्यायचा नाही, लगेच पाण्यानं धुवायचा. शेवटी कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. मेण नाही, तेल नाही, चमक आणणारं काहीही नाही. काहीही न करणं हे या कामातलं सर्वांत अवघड अंग आहे. दोनदा चिरंजीवांनी माझा हात धरला.

तीन चाकं नवी दिसायला लागली. चौथंही दिसलं असतं, पण त्याच्या मधोमध माझी कामगिरी होतीच. मी म्हटलं, "रंगवून घेऊ, माझ्या पेन्शनमधून." चिरंजीवांनी चौकशी केली होती. चाक काढून, जुना रंग उतरवून, पुन्हा लेप द्यायचा, आणि बाकी तिन्हींशी रंग जुळेलच याची खात्री नाही. ते म्हणाले, "राहू दे."

तेच दोन शब्द. पण या वेळी त्यांनी माझ्यापुढे बादली सरकवली आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी परत करू. मीठ पडणारच आहे अजून."

आम्ही तिथे होतो तोवर दर शनिवारी चाकं धुतली गेली. शनिवारी दुपारी सगळ्यांनी मिळून भाजीला जायचं, असा नेम होता. तिथल्या दुकानापुढचं पार्किंग पर्वतीपासून सारसबागेपर्यंत पसरेल एवढं. त्यात पांढरे ट्रक शेकड्यांनी आणि निम्म्यांना काळी चाकं. चिरंजीव खिशातली किल्ली दाबून कुठला ट्रक ओरडतो ते बघत असत. सौ.चा किल्लीवर विश्वास नाही. ती भाजीची पिशवी काखेत मारून एकेका ट्रकशी वाके, डावीकडचं पुढचं चाक बघे आणि पुढे सरके. एकदा ती अशी वाकलेली असताना ट्रकची काच खाली झाली आणि आतला धिप्पाड गृहस्थ घाबऱ्या आवाजात विचारता झाला की, टायर गेलाय का?

"नो, नो," सौ. म्हणाली, "युवर व्हील गुड. अवर व्हील बॅड. आय अ‍ॅम फाइंडिंग बॅड."